मॅक लूपच्या डोंगरउतारांवर कॅननची १००-४०० लेन्स

वेल्समधील डोलगेथलाय आणि माखन्थलेथ या गावांदरम्यानच्या दऱ्यांच्या वळशाला विमानांचे छायाचित्रकार ‘मॅक लूप’ म्हणतात. ब्रिटिश हवाई दलाची आणि ब्रिटनमध्ये तळ असलेल्या अमेरिकी दलाची लढाऊ विमाने येथे २५० फुटांपर्यंत खाली उतरून सराव करतात, त्यामुळे डोंगरउतारावर उभ्या असलेल्या माणसाला विमान नजरेच्या पातळीवर, कधी तर पायांच्याही खालून जाताना दिसते. कॅननची ईएफ १००-४०० मिमी एफ/४.५-५.६ एल आयएस २ ही झूम लेन्स (मिमी जितके जास्त, तितके दूरचे मोठे दिसते आणि चौकटीत कमी मावते) मी याच कामासाठी वापरतो आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

येथे येणारा नवा छायाचित्रकार बहुतेक वेळा शक्य तितकी लांब लेन्स शोधत असतो. ए४८७ रस्त्यावरून चढून कॅड वेस्ट या मॅक लूपमधील छायाचित्रणाच्या जागेच्या उतारावर पोहोचल्यावर हा आग्रह अंगलट येतो. विमान २०० मीटरवरून जात असेल, तर ४०० मिमीला फुलफ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम १८ मीटर रुंदी मावते. एफ-१५ई हे अमेरिकी लढाऊ विमान मात्र साडेएकोणीस मीटर लांब आहे, म्हणजे नाक किंवा शेपूट कापले जाणारच. साडेबारा मीटरचे हॉक हे ब्रिटिश प्रशिक्षण जेट त्याच अंतरावर छान बसते. एकाच सकाळी दोन्ही विमाने येऊ शकतात, आणि समोर कोणते येते हे ते वळण घेऊन दिसेपर्यंत कळत नाही. अशा ठिकाणी झूम लेन्सला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९८ च्या मूळ आवृत्तीत पुढेमागे सरकवण्याचा झूम होता. २०१४ च्या या दुसऱ्या आवृत्तीत फिरवण्याचे कडे आले आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी सुधारणा आहे. विमानासोबत अंग वळवत असताना डाव्या हाताच्या बोटांनी ४०० वरून २५० वर येता येते आणि लेन्सचा तोल फारसा ढळत नाही. कड्याचा घट्टपणा कमी-जास्त करण्याची सोय आहे. चढताना तो घट्ट आणि वर पोहोचल्यावर सैल ठेवावा.

कॅड वेस्टवर विमानामागे आकाश नसते, समोरचा गवताळ उतार असतो. चित्रात वेग जाणवतो तो त्यामुळेच, पण फोकस विमान सोडून गवतावर जाण्याचा धोकाही तेथेच असतो. लेन्सवरील फोकसचा पल्ला ठरवणारे बटण तीन मीटर ते अनंत या टप्प्यावर ठेवले, कॅमेऱ्यात मधल्या बिंदूंचा लहान गट निवडला आणि विमान दूर असतानाच फोकस धरायला सुरुवात केली, तर ही लेन्स सहसा निराश करत नाही. जेटसाठी मी शटरचा वेग १/१००० सेकंदाहून जलद ठेवतो. ए४००एमसारखे पंख्याचे (प्रोपेलरचे) मालवाहू विमान आले तर मात्र १/२५० पर्यंत खाली यावे लागते, अन्यथा पंखे हवेत थांबल्यासारखे दिसतात. इतक्या मंद शटरला स्थिरीकरणाची दुसरी पद्धत, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना फक्त वरखाली होणारा हादरा आवरणारी, खरोखर कामाला येते.

उणे बाजूही आहे. ४०० मिमीला लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि वेल्समध्ये ढग नेहमीचेच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावाच लागतो, आणि सावलीतल्या उतारावर त्याचे दाणे दिसतात. दरीच्या पलीकडच्या अंगाने जाणारे विमान टिपायला १.४ पट एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारे, मिमी वाढवणारे जोडभिंग) लावून ५६० मिमी मिळतात, पण छिद्र एफ/८ वर येते. उजळ दिवस नसेल तर मी तो बॅगेतच ठेवतो. ज्यांच्याकडे कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे त्यांनी त्यासाठीची आरएफ १००-५०० ही लेन्स हातात घेऊन पाहावी; ती वजनाला हलकी आहे, पण टोकाला एफ/७.१ आहे. वापरलेली ईएफ त्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते.

माझी एक आग्रहाची विनंती आहे. मॅक लूपमधील जागा इतरांना सांगताना केवळ नकाशावरची खूण देऊ नये. कोणत्या उतारावर, साधारण किती उंचीवर आणि कोणत्या विमानासाठी किती मिलिमीटर वापरले, हेही लिहावे. नाहीतर नवखा माणूस ६०० मिमीची जड लेन्स घेऊन तो चढ चढतो आणि घरी विमानांचे तुकडे घेऊन जातो. सराव मुख्यतः सोमवार ते शुक्रवार चालतो आणि कोणत्याही दिवसाची हमी नसते, हेही त्या नोंदीत असावे. शिवाय हे उतार मेंढ्यांच्या चराईचे आहेत, म्हणून फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे आणि दगडी बांधांवर चढू नये, ही सूचना नोंदीच्या सुरुवातीलाच द्यावी.