फिगर स्केटिंगमधल्या लुट्झ या उडीची एज (ब्लेडची कड) आत्ता सुधारायची की सीझन संपल्यावर?

ताई, लेकीचा लुट्झ उडायच्या क्षणी बाहेरच्याऐवजी आतल्या एजवर जातोय ना, मग आत्ता बदललंत तर मार्कांचा फटका लगेच बसणार. जपानची स्केटर माओ असादाने २०१० मध्ये कोच नोबुओ सातोंकडे जंप मुळापासून बदलायला घेतल्या आणि एनएचके ट्रॉफी या स्पर्धेत थेट आठवी आली, बघवत नव्हतं खरंच, पण पुढे २०१४ ला वर्ल्ड चॅम्पियन झालीच की.

थांबलात तर 'ई' कॉल (चुकीच्या एजची पंचांची खूण) येत राहणार, बेस व्हॅल्यू (उडीचे मूळ मार्क) कापली जाणार आणि चुकीची सवय अजून पक्की. मेहनत मात्र ऑफ-सीझनला सोपी, सिंगल (एका गिरकीच्या) लुट्झपासून निवांत चढता येतं.

मोठी स्पर्धा तोंडावर असेल तर थांबा. पोरगी लहान असेल किंवा काही दुखत असेल तर आत्ताच.