फुल एचडी ठेवावा की 4के घ्यावा? आधी खोली मोजा

सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि आमच्या ओळखीत जो तो 4केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) पडद्याचा, विचार करू लागला. मला विचारतात, कारण मी दोन्ही एकाच घरात वापरले आहेत. नऊ वर्षांचा 43 इंची फुल एचडी, आणि त्याच दिवाळीत घेतलेला 55 इंची 4के. दोघांनाही सेट-टॉप बॉक्स तोच आणि बघणारी माणसंही तीच.

दुकानात 4के जिंकतोच. तिथे आपण चार फुटांवर उभे असतो आणि समोर त्याच्यासाठीच टिपलेलं चित्रण चालू असतं. घरी हे दोन्ही बदलतं.

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर जुन्या पद्धतीचं, बैठकीची खोली लांबुळकी. टेप लावला तर सोफ्यापासून भिंतीपर्यंत साडेदहा फूट भरलं. चांगल्या नजरेच्या माणसालासुद्धा 43 इंची फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपर्यंतच वेगळे दिसू शकतात, 55 इंचीचे सात फुटांपर्यंत. साडेदहा फुटांवरून फुल एचडी कमी पडायला पडदा 80 इंचांच्या आसपास हवा. तेवढी भिंत आमच्याकडे नाही. म्हणजे चौपट पिक्सेलचे पैसे मोजले, पण बसल्या जागेवरून ते दिसणारच नव्हते. हा हिशेब मी खरेदीनंतर केला. तुम्ही आधी करा.

तरी एवढ्यावरून माझं मत फिरलं नसतं. मोठा पडदा म्हणून मी खूश होतो. मत फिरलं ते आईच्या मालिकांमुळे.

आमच्या केबलच्या पॅकमध्ये मराठी वाहिन्या साध्या, म्हणजे एसडी येतात. नवा टीव्ही लागला त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, ह्या बायकांची तोंडं मेणाची का दिसतायत?" मी जवळ जाऊन पाहिलं. नायिकेच्या नथीतले मोती एकमेकांत मिसळून एक पांढरा डाग झाला होता, आणि भुवयांच्या कडेला हलकी पांढरी रेघ उमटत होती. कारण सरळ आहे. एसडी चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे चार लाखांवर थोडे ठिपके. 4के पडद्यावर जवळपास 83 लाख. दर वीस ठिपक्यांतला एक वाहिनीकडून येतो, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. जुन्या टीव्हीलाही अंदाज करावाच लागतो, पण पाचांतल्या चारांचा, आणि पडदा लहान असल्यामुळे ती कसर डोळ्यांवर येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन कडा ठसठशीत करणारा शार्पनेस शून्यावर आणला, चित्र गुळगुळीत करणारं नॉइज रिडक्शन बंद केलं. पांढरी रेघ गेली, मेण राहिलं. महिनाभर रोज रात्री साडेसातला तेच. मला नाही सहन झालं. जिचा दिवस त्या दोन मालिकांवर सरतो, तिच्यासाठी नवा टीव्ही जुन्यापेक्षा वाईट निघाला होता.

शेवटी केबलवाल्याकडून मराठी एचडी वाहिन्यांचा पॅक घेतला. चित्र एकदम निवळलं. एचडीचा एक ठिपका 4केवर बरोबर चार ठिपक्यांत बसतो, ओढाताण होत नाही. मग आठवडाभर तोच पॅक जुन्या 43 इंचीवर लावून पाहिला. सोफ्यावरून बायकोला फरक सांगता येईना, मलाही येईना. मी काही मापनयंत्र लावलेलं नाही, आमच्या डोळ्यांचा कौल सांगतोय. पण खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला खर्च पॅकवर करावा.

ओटीटीचंही थोडं तसंच. नेटफ्लिक्सवर 4के मिळतं ते 649 रुपयांच्या प्लॅनमध्ये. 499 च्या प्लॅनमध्ये फुल एचडीपर्यंतच. शिवाय जे मुळात 4केमध्ये टिपलेलंच नाही, त्यात नवा टीव्ही भर घालू शकत नाही. 8 डिसेंबर 2011 ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध 219 काढल्या, ती खेळी मुलाला दाखवली. मजा तीच आली, चित्रही तेवढंच.

एका ठिकाणी मात्र 4केने मला गप्प केलं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, मुलाने राजवाड्यापाशी फोनवर 4केमध्ये टिपली होती. ती लावली आणि मी खुर्ची ओढून पाच फुटांवर जाऊन बसलो. हवेत उडालेला गुलाल ढगासारखा न दिसता कणाकणाने दिसत होता, गच्चीवरच्या माणसांचे चेहरे ओळखू येत होते. जुन्या टीव्हीवर तेच चित्रण बरं दिसतं, एवढंच. घरचे फोटो-व्हिडिओ जवळ बसून पाहणारं घर असेल, किंवा संगणक जोडून बारीक अक्षरं वाचायची असतील, तर 4के अवश्य घ्यावा. आणि जुना टीव्ही बंदच पडला असेल तर प्रश्न उरत नाही. 43 इंचांपासून पुढे आता दुकानात बहुतेक 4केच मिळतात. घेताना फक्त एसडी वाहिनी लावून दाखवायला सांगा, आणि दहा फूट मागे जाऊन बघा.

पण चालू फुल एचडी काढून 4के आणू का, असं कोणी विचारलं, तर मी तरी आता आणणार नाही.

आमचा 55 इंची वरच्या खोलीत मुलाकडे गेला. तिथे पलंगापासून भिंत सहा फुटांवर आहे, तिथे तो शोभतो. बैठकीत जुना 43 इंची परत लागला, एचडी पॅकसकट. आईला नथीतले मोती पुन्हा मोजता येतात.