लॉनसाठी मिनी ट्रॅक्टरला खत फेकायचं मशीन बनवून घेतलं, पूर्ण अनुभव लिहितोय

आमचं नाशिककडं मंगल कार्यालय आहे आणि त्याला लागून 22 गुंठ्यांचं लॉन. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना माहितीच आहे की पार्टी बुकिंगला येते तेव्हा हॉल नंतर बघते, आधी लॉनवर जाऊन उभी राहते. आमच्याकडं इतकी वर्षं खत हातानंच फेकायचे, दोन माणसं घमेलं घेऊन चालायची, आणि आठ दिवसांनी लॉनवर गर्द हिरवे आणि पिवळट असे पट्टे उठायचे. खालून ते एवढं जाणवत नाही पण आता प्रत्येक लग्नात ड्रोन असतो, गेल्या सीझनला एका पार्टीनं व्हिडिओ दाखवला तर स्टेजच्या समोरचं सगळं लॉन चट्ट्यापट्ट्याचं दिसत होतं. मला खरंच फार वाईट वाटलं, लोकांच्या आयुष्यभराच्या व्हिडिओत आपलं लॉन असं दिसायला नको.

ट्रॅक्टर घरचाच आहे, 15 एचपीचा मिनी. तयार स्प्रेडर बघितले पण जे दिसले ते मोठ्या ट्रॅक्टरचे, शेतासाठीचे, आमच्या लॉनला फारच मोठे. म्हणून आमच्या पट्ट्यातल्या एका वर्कशॉपवाल्याकडं गेलो, ते मूळचे द्राक्षबागेच्या ब्लोअरचं काम करतात त्यामुळं मिनी ट्रॅक्टर आणि पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, ज्यावर अवजारं चालतात) त्यांच्या रोजच्या हातातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली दोन तक्रारी पण आहेत.

मी जाताना डोक्यात वायपरची मोटर घेऊन गेलो होतो, बारा व्होल्टची, बॅटरीवर चालेल आणि खाली चकती फिरेल असं. मिस्त्रींनी लगेच सांगितलं की शेठ ती मोटर मिनिटाला पन्नास-साठ फेरेच मारते, खत चकतीवरून तिथंच खाली पडेल, फेकलं जाणार नाही. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, तोच घ्यायचा, बेव्हल गिअरबॉक्सनं दिशा बदलून चकती आडवी फिरवायची. वर 60 लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम उलटा, खाली स्टेनलेसचा कोन, 304 ग्रेडचा. लोखंडाचा कोन स्वस्तात झाला असता पण युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि लोखंड खाऊन टाकतो, इथं पैसे वाचवू नका. ड्रमचं माप पण त्यांनी विचार करून धरलं, 45 किलोची युरियाची एक गोणी त्यात बरोबर बसते. वर जाळी आहे, गठ्ठे असले की तिथंच अडकतात.

पहिल्या ट्रायलला मात्र गडबड झाली. खत खाली सरकावं म्हणून त्यांनी चकतीच्याच शाफ्टला वर एक जाड सळई लावली होती ढवळायला, आणि ती पण त्याच स्पीडनं फिरणार ना, तर तिनं युरियाचे दाणे दळून अक्षरशः पीठ केलं. चकतीतून पांढरा धूर निघत होता आणि तो सगळा मागच्या मागं ट्रॅक्टरवर बसत होता. मिस्त्रींनी काही न बोलता ट्रॅक्टर बंद करायला लावला, सळई कापली आणि तिच्या जागी बोटाएवढी एक पिन ठेवली, बस. तेवढ्यानं भोकावरचं खत हलतं राहतं आणि दाणा पण फुटत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मशीन दिलं, पैसे घेतले, विषय संपला असं त्यांनी केलं नाही, ते स्वतः लॉनवर आले आणि म्हणाले पंगतीची ताटं काढा. अकरा ताटं आम्ही लॉनवर आडव्या रांगेत मांडली, प्रत्येकात ओला नॅपकिन घातला कारण नाहीतर दाणे आपटून बाहेर उडतात, आणि मधल्या ताटावर चाकं दोन्ही बाजूंनी जातील असा ट्रॅक्टर त्या रांगेवरून नेला. मग एकेक ताट किचनच्या काट्यावर. डाव्या बाजूच्या ताटांत उजव्यापेक्षा जवळजवळ दुप्पट खत! मला वाटलं चकती वाकडी बसलीये, पण नाही, खत चकतीवर नेमकं कुठं पडतं त्यावर ते कोणत्या बाजूला जास्त जाईल हे ठरतं. त्यांनी कोनाखालची प्लेट फिरवता येईल अशीच केली होती, दोन बोल्ट ढिले करून ती थोडी फिरवली, परत ताटं, परत वजन, असं चार वेळा. चौथ्या वेळी दोन्ही बाजू सारख्या आल्या, मध्ये जास्त आणि कडेला कमी कमी होत गेलेलं, आणि तसंच पाहिजे कारण पुढचा पट्टा त्या कडेवर येतो तेव्हा बेरीज सारखी होते. एकूण सहा मीटरपर्यंत फेकतं पण आम्ही पट्टा चार मीटरचाच धरतो.

मापाचं पण सांगतो, कोणाला उपयोग होईल. आम्ही गुंठ्याला 1 किलो युरिया धरतो, म्हणजे पूर्ण लॉनला 22 किलो, अर्धी गोणीच. ते पण एकदम नाही, 11 किलो उभं आणि 11 किलो आडवं, त्यामुळं कुठं चुकलं तरी पट्टा उठत नाही. चार मीटरचा पट्टा 50 मीटर चाललो की 200 चौरस मीटर म्हणजे साधारण दोन गुंठे, एका वेळी अर्धंच माप पडतं म्हणून तेवढ्यात 1 किलो संपायला पाहिजे. पहिल्यांदा अडीच किलोच्या वर गेलं. मग खत पडायच्या भोकाचं शटर कमी करत करत बरोबर जागा सापडली तिथं पंचनं खूण मारून घेतली. सुफला 15:15:15 या दुसऱ्या दाणेदार खतासाठी खूण वेगळी, दाणा वेगळा आहे त्यामुळं युरियाच्या खुणेवर ते चालत नाही. आणि ट्रॅक्टरचा गिअर आणि थ्रॉटल दर वेळी तोच ठेवायचा, रेस वाढवली की पीटीओ वाढतो आणि पट्टा रुंद होतो. गवत कोरडं असताना टाकायचं आणि लगेच पाणी सोडायचं, ओल्या पातीला युरिया चिकटला की जळतं.

तक्रारी. पहिली आणि मोठी, पीटीओ शाफ्टवर कव्हर नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं की शेतात कोणी लावत नाही. अहो पण हे लॉन आहे, इथं माळी काम करतो, झाडायला बायका असतात, पोरं पळत असतात, 540 नं फिरणाऱ्या शाफ्टला ओढणी किंवा पदर अडकला तर काय होईल याचा विचार करवत नाही. मी अडून बसलो तेव्हा पुढच्या आठवड्यात प्लास्टिकचं कव्हर आणि चेन लावून दिली. हे गिऱ्हाइकानं मागायची वेळच यायला नको होती. दुसरी, कोन स्टेनलेसचा पण नट-बोल्ट साधे, आठ दिवसांत गंजले, ते मी बदलून घेतले. शटर बंद करायला आधी उतरून मागं जावं लागायचं, तेवढ्यात वळणावर खताचा ढीग पडून दोन ठिकाणी गवत करपलं, आता मोटरसायकलची क्लच वायर लावून लिव्हर सीटशेजारी आणलाय आणि तो मात्र त्यांनी एक रुपया न घेता करून दिला.

खर्च सगळा धरून साडेसत्तावीस हजार, त्यात गिअरबॉक्स आणि शाफ्टच मोठा भाग. दहा दिवस सांगून बावीस दिवस घेतले, पण तुळशीच्या लग्नाआधी हातात आलं त्यामुळं सीझन सापडला. नोव्हेंबरमध्ये दोनदा टाकलं, वीस मिनिटांत पूर्ण लॉन होतं, एकटा माळी करतो. परवाच्या लग्नाचा ड्रोन व्हिडिओ मागून घेऊन बघितला, स्टेजपासून गेटपर्यंत एकच रंग.

कोणाला असं बनवून घ्यायचं असेल तर वर्कशॉपला ट्रॅक्टर घेऊनच जा, फोनवर माप सांगू नका, लिंकेजची (ट्रॅक्टरच्या मागं अवजार जोडायच्या दांड्यांची) उंची प्रत्यक्ष लावल्याशिवाय कळत नाही. आणि शाफ्टचं कव्हर पहिल्याच दिवशी कोटेशनमध्ये लिहून घ्या.