वजन टिकवायचं तर: फोनमधलं ॲप की भिंतीवरचं कॅलेंडर?

वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं, ही दोन वेगळी कामं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. खरी ओढाताण पुढे सुरू होते. शरीर हलकं झालं की त्याची गरज घटते, भूक मात्र वाढते. तेव्हा उत्साह टिकवायला काहीतरी हाताशी लागतं. मी आधी कॅलरी मोजणारं ॲप वापरलं. आता भिंतीवरचं कॅलेंडर आहे: फिरून आलो की तारखेवर फुली, शनिवारी अनशापोटी केलेल्या वजनाचा आकडा, आणि जळगावच्या मेहरूण तलावावर सोबतीला दोघं जोडीदार.

ॲपने डोळे उघडले, हे मान्य. एक टेबलस्पून तेलात साधारण १२० कॅलरी असतात हे कळल्यावर शेवभाजीची तर्री वाटीत घेताना हात आखडू लागला. शेव मुळात तळलेली, वर तर्री!

मग भरिताचे दिवस आले. ॲपमध्ये शोधलं तर टोमॅटो घातलेलं पंजाबी भरीत निघालं, तेही दरवेळी वेगळ्या आकड्याचं. आपलं खानदेशी भरीत काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल किती ते करणाऱ्याच्या हातावर. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचा तर पत्ताच नव्हता. शेतात भरीत पार्टीला सगळे पंगतीत बसलेले आणि मी उष्ट्या हाताने फोनवर ग्रॅम शोधतोय. शेवटी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर सलग नोंदींची साखळी शून्यावर! नोंद एकाच जेवणाची चुकली, पण महिन्याभराची मेहनत पुसल्यासारखं वाटलं. 'आता गेलंच आहे तर' म्हणत पुढचे दिवसही तसेच गेले. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा तेच. माझं मन तिथेच उडालं. दुसऱ्या कोणाला याचा एवढा त्रास होणारही नाही कदाचित.

कॅलेंडरवर रिकामा राहिलेला चौकोन एकच चौकोन राहतो. शिवाय पहाटे तलावावर 'का भो, काल ऊना नही?' असं कोणी विचारलं की टाळाटाळ चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की पाचलाच निघावं लागतं. एकट्याने मी निघालो नसतो. खाण्याबद्दल मात्र कॅलेंडर काहीच सांगत नाही, आणि लग्नसराईत जोडीदारही गायब होतात.

अमेरिकेत १९९४पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री आहे. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची ती नोंद ठेवते. त्यातले बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. या दोन्हींना कॅलेंडर पुरतं.

भुसावळला रेल्वेत फिरत्या ड्युटीवर असाल, तर पहाटेचा ठरलेला जोडीदार जमणं कठीण. तुम्हाला ॲपच सोयीचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही कर्बोदकांचा हिशेब लागतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून ॲप ठेवावं. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं तर, महिनाभर ॲपवर तेलाचा अंदाज घ्यावा आणि मग कॅलेंडर टांगावं. तेही स्वयंपाकघरात. बैठकीच्या खोलीत पाहुणे आकडे वाचत बसतात.