लक्ष्मीनगरातील गायनवर्ग आणि मुलांचे योग्य वय

नागपूरच्या लक्ष्मीनगर भागातील ज्या गायनवर्गात आमची मुलगी जाते, तेथे केवळ वय पाहून प्रवेश दिला जात नाही. मुलाला जवळ बसवून एखादी ओळ ऐकवली जाते आणि ती त्याला परत म्हणता येते का, टाळीवर लय धरता येते का, हे पाहिले जाते. ही पद्धत मला अत्यंत योग्य वाटते. अगदी लहान मुलांकडून बडबडगीते आणि टाळ्यांचे खेळ करून घेतले जातात, तर सातव्या-आठव्या वर्षी मूल मांडी घालून थोडा वेळ स्थिर बसू लागले, की अलंकार, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमांचा सराव, आणि त्यानंतर भूप हा राग सुरू होतो. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) हे स्वर वर्ज्य असल्यामुळे पाचच स्वर सांभाळावे लागतात, म्हणून कोवळ्या गळ्याला तो झेपतो. मुलांची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, मोठ्या पुरुषांपेक्षा उंच असते, हेही बाई कटाक्षाने सांभाळतात. पेटी मात्र भात्यापर्यंत हात नीट पोचल्याशिवाय देत नाहीत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेची येथे घाई केली जात नाही, म्हणून काही पालक नाराज असतात. माझ्या मते हाच या वर्गाचा सर्वांत मोठा गुण आहे. तुकडीत मुले थोडी कमी असावीत आणि मे महिन्यात दुपारची वेळ बदलून संध्याकाळची करावी, एवढीच माझी सूचना आहे. सात वर्षांपुढील मुलांसाठी मी हा वर्ग मनापासून सुचवते.