मॅरिएटातलं टी-शर्ट छपाईचं दुकान: छपाई फक्कड, आणि एक परत पाठवलेली ऑर्डर

आमच्या मंडळाचे गणेशोत्सवाचे टी-शर्ट मी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा गावातल्या एका छोट्या दुकानातून छापून घेतले, त्याबद्दल लिहितो आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच तसं सांगितलंय. निवडणुकीच्या दिवसांत नाव बाहेर गेलं की भलते लोक फोन करून शिव्या घालतात. कॉब पार्कवे रस्त्यावर तो ५६ फुटी 'बिग चिकन', म्हणजे कोंबडीच्या आकाराचा मनोरा आहे ना, त्याच भागात. ज्यांना टी-शर्ट छापायचेत त्यांनी मला मंडळात गाठावं, पत्ता सांगेन.

आधी छपाई. माझ्या वडिलांचा गिरगावात स्क्रीन प्रिंटिंगचा लहानसा धंदा होता. लग्नाच्या पिशव्या, दुकानांचे स्टिकर, निवडणूक आली की टोप्या आणि उपरणी. त्यामुळे टी-शर्ट हातात आला की मी आधी तो उलटा करून बघतो, मग ताणून बघतो. इथला माल ताणला तरी शाईला चीर पडत नाही. प्लास्टिसॉल, म्हणजे टी-शर्टवर छापायची प्लास्टिकसारखी शाई, नीट पिकायला साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. घाई करणारे शर्ट तेवढा तापायच्या आत भट्टीच्या पट्ट्यावरून काढतात आणि तिसऱ्या धुण्यात गणपतीची सोंड सोलून निघते. इथे मागच्या खोलीत जो छपाईवाला आहे, वय सत्तरीकडे झुकलेलं, तो दर थोड्या वेळाने शाईवर थर्मामीटर धरून बघतो. गडद निळ्या कापडावर खाली पांढरा थर दिलाय, त्यामुळे केशरी रंग खरोखर केशरी दिसतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग बरोबर जागी बसणं, चोख. डोळ्याच्या काळ्या रेघेबाहेर एक ठिपका सांडलेला नाही.

पैशांचं म्हणाल, तर प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम (छपाईची जाळी) आणि प्रत्येक फ्रेमचे वेगळे पैसे. आमचं डिझाइन पाच रंगांचं होतं. बाईंनी स्वतःहून सांगितलं की मोदकाला वेगळा रंग कशाला, खालचा पांढरा थरच तिथे उघडा ठेवू. एक फ्रेम वाचली. गिऱ्हाइकाचे पैसे असे वाचवणारा दुकानदार मला इथे क्वचित भेटलाय. कमी नग असतील तर त्या स्क्रीनचा आग्रह धरत नाहीत, सरळ थेट कापडावर छापणाऱ्या मशीनकडे पाठवतात.

आता डिझाइनची गंमत. छातीवर कार्टून स्टाइलचा बाळगणेश, हातात मोदक, शेजारी उंदीर. बाईंनी कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा कुठला उमेदवार?" मी बघतच राहिलो. मग ट्यूब पेटली. अमेरिकेत हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्ष. राजकीय माल असेल तर त्या शब्द न् शब्द वाचल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून विचारलं. मी सांगितलं की हा आमचा देव आहे. त्यावर दुसरा प्रश्न आला: "देवाचं असं कार्टून छापलेलं तुमच्या लोकांना चालेल ना? कुणाला लागणार नाही ना?"

खरं तर लागलं होतं. मंडळातल्या एका काकूंचं म्हणणं, देव अंगावर घालून घाम पुसायचा आणि मग तो वॉशिंग मशीनमध्ये घुसळायचा, हे बरं दिसत नाही. शेवटी पोटाच्या खाली काही नको, छातीवरच छापा, एवढ्यावर तह झाला. पण हा प्रश्न ज्या बाईला सुचला तिच्याकडे ऑर्डर द्यायची हे माझं तिथेच ठरलं.

नमुना बघायला गेलो त्या दिवशी काउंटरवर एक तरुण उभा होता. बोलायला सभ्य, हातात फोन. कुठल्यातरी स्थानिक निवडणुकीतल्या एका कृष्णवर्णीय उमेदवाराची टिंगल करणारे शर्ट त्याला हवे होते. चित्र 'क्युरिअस जॉर्ज'चं, म्हणजे पोरांच्या गोष्टीतलं ते खोडकर माकड. हातात केळं, खाली उमेदवाराचं नाव. बाईंनी फोन परत केला आणि म्हणाल्या, हे मी छापणार नाही.

बाई स्वतः आफ्रिकन-अमेरिकन आहेत. मला वाटलं आवाज चढेल. नाही चढला.

इथे एक सोपी पळवाट होती. ते माकड दुसऱ्याच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय छापता येत नाही, एवढं म्हटलं की विषय संपला असता. डिस्नेचं लाल सदऱ्यातलं पूह अस्वल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्या हेच सांगतात, मी ऐकलंय. इथे मात्र कॉपीराइटचं नावही काढलं नाही. "हे वर्णद्वेषी आहे, म्हणून छापत नाही," असं सरळ तोंडावर सांगितलं. हातातली ऑर्डर घालवून.

तरुणाचं उत्तर तयार होतं. हे पोरांचं कार्टून आहे, माझ्या मुलीच्या उशाशी हे पुस्तक असतं, यात कसला द्वेष? आणि बुशला नाही का सगळे चिंपांझी म्हणायचे? मागच्या खोलीतून म्हातारा छपाईवाला (तो गोरा आहे) ओरडला, "बुशचे मी स्वतः छापलेत, २००४ मध्ये!" मला हसू आलं. बाई म्हणाल्या, "हो, छापलेस. पण बुशच्या आजोबाला कुणी माकडांच्या पिंजऱ्यात उभं करून लोकांना दाखवलं नव्हतं."

हे त्या हवेत बोलल्या नव्हत्या. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतून आणलेल्या तरुणाला खरोखरच माकडांच्या घरात ओरांगउटानबरोबर ठेवून लोकांना दाखवलं होतं. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी निषेध केला तेव्हा कुठे तो प्रकार थांबला. १९१६ मध्ये व्हर्जिनियात त्या माणसाने स्वतःला गोळी घालून घेतली. बुशला चिंपांझी म्हटलं की लोक एका माणसाच्या अकलेला आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या भावाला हसतात. हेच चित्र कृष्णवर्णीय माणसाच्या नावावर लावलं की ते एका माणसापुरतं राहत नाही. त्याच्यासारख्या सगळ्यांना माणसांत धरायचं की नाही, हा इथे शेकडो वर्षं चाललेला वाद त्या केळ्यासकट परत टेबलावर येतो. छापणाऱ्याच्या मनात काय होतं याने त्यात फारसा फरक पडत नाही.

शिवाय मॅरिएटात हे नवं नाही. २००८ मध्ये याच गावातल्या 'मलिगन्स' नावाच्या बारमध्ये हुबेहूब असाच शर्ट विकायला होता: क्युरिअस जॉर्ज केळं सोलतोय आणि खाली ओबामाचं नाव. बारबाहेर निदर्शनं झाली, बातमी देशभर गेली. दोघांच्या चेहऱ्यात साम्य दिसतं म्हणून छापला, असं मालकाचं म्हणणं. पुस्तकाच्या प्रकाशकांनी कळवलं की आमची परवानगी नव्हती. त्या माकडाला जन्म देणारे रे पती-पत्नी जर्मन ज्यू होते. जून १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसजवळ आल्या तेव्हा ते सायकलींवरून शहराबाहेर पळाले आणि त्यांच्या सामानात या गोष्टीचं हस्तलिखित होतं. वंशद्वेषातून जीव वाचवून आणलेलं माकड बिचारं अशा कामाला जुंपलं गेलं.

मलिगन हे नाव आयरिश, आणि यातली खोच मला सर्वांत जास्त टोचते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतली व्यंगचित्रं आयरिश माणसाला सर्रास वानराच्या तोंडाचा काढायची. १८७४ मध्ये ज्याने रिपब्लिकन हत्ती रुजवला, ज्या हत्तीमुळे माझ्या बाप्पाची चौकशी झाली, त्या व्यंगचित्रकार थॉमस नॅस्टने १८७१ मध्ये बंदुकीच्या दारूच्या पिंपावर बसलेला वानरमुखी आयरिश काढला होता. हाच नॅस्ट गुलामगिरीच्या विरोधात आणि कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या बाजूने झटून चित्रं काढायचा. तरी आयरिशांचा विषय आला की त्याची लेखणी वानरावरच जायची. आयरिश लोक पुढे त्यातून सुटले. आज कुणी आयरिश-अमेरिकन पुढाऱ्याला माकड काढलं तर फार तर चित्र वाईट आहे म्हणतील.

म्हणून "कार्टून प्राणी वर्णद्वेषी असतो का" असा सरसकट प्रश्न मला पोकळ वाटतो. जून २०१३ मध्ये ओबामा आणि शी जिनपिंग कॅलिफोर्नियात शेजारी शेजारी चालतानाचा फोटो आला, आणि चिनी लोकांनी त्याच्याशेजारी पूह अस्वल आणि टिगर वाघाचं चित्र लावलं. पूह म्हणजे शी, उड्या मारणारा लुकडा टिगर म्हणजे ओबामा. माणूस तोच, प्राणी कार्टूनचाच, तरी अमेरिकेत त्यावर वर्णद्वेषाचं वादळ उठलं नाही. उलट चीनमध्ये पूहची चित्रं पुसायला सुरुवात झाली, पण ते राज्यकर्त्याच्या नाकावर माशी बसली म्हणून. तो वेगळा आजार.

टी-शर्ट वाटपाच्या दिवशी मी हा किस्सा मंडळात सांगितला आणि चहा थंड होईपर्यंत वाद रंगला. आमच्या खजिनदारांचं म्हणणं, हे अमेरिकन लोकांचं जास्तच कौतुक आहे. आपल्याकडे मारुतीरायाला आपण हात जोडतो, माकड म्हटलं तर अपमान कसला? हा युक्तिवाद मी आधीही ऐकलाय. १७ ऑक्टोबर २००७ ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून आपले काही प्रेक्षक माकडचाळे करून दाखवत होते. त्यांचे फोटो छापून आले, काही जणांना पोलिसांनी धरलं. तेव्हाही मारुतीचं नाव पुढे केलं गेलं. मी खजिनदारांना एवढंच विचारलं की त्या दिवशी मैदानात ऑस्ट्रेलियाचे अकरा जण होते, मग मारुती नेमका सायमंड्समध्येच कसा दिसला? पाँटिंगमध्ये का नाही दिसला? त्यांनी बशी उचलली आणि ढोकळ्याकडे गेले.

न कळत होणारं असं काही असतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जपानच्या 'ई-मोबाइल' कंपनीने २००८ मध्ये जाहिरात केली: व्यासपीठावर सुटाबुटातलं माकड, समोर 'चेंज'चे फलक. कंपनीच्या जाहिरातींत आधीपासूनच माकड होतं, त्यात त्यांनी त्या वर्षीची ओबामाची गाजलेली घोषणा घेतली. तक्रारी आल्या, जाहिरात मागे घेतली, प्रश्न मिटला. माझा राग कळल्यावरही "पण साम्य दिसतं ना" म्हणत अडून बसणाऱ्यावर आहे.

मंडळातल्याच एका मुलीने, पुण्यात राज्यशास्त्र शिकून आलीय, २०१२ ची आठवण काढली. शंकर यांचं १९४९ मधलं व्यंगचित्र, अकरावीच्या पाठ्यपुस्तकातलं: गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. त्यात गोगलगाय म्हणजे राज्यघटनेचं रेंगाळलेलं काम, बाबासाहेब नव्हेत. तरी ज्यांना लागलं त्यांचं बोट गोगलगायीवर नव्हतंच, चाबकावर होतं. संसदेत गदारोळ झाला आणि पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांचं कार्यालय फोडलं. कार्यालय फोडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही नाही. पण चाबूक कुणाच्या हातात आणि पुढे कोण, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसलंय त्यांना आधी दिसणार, यात त्या लोकांचा काय दोष?

बंदी घाला, कायदा करा, असं मी म्हणत नाहीये, आणि बाईही म्हणाल्या नाहीत. त्या तरुणाला त्यांनी सांगितलं की त्या उमेदवाराच्या रस्त्यांवर, करांवर, बजेटवर हवं ते लिही, मी आत्ता छापून देते. हवं तर गाढव काढ. तो दार ढकलून निघून गेला. कुठेतरी छापून मिळालंही असेल. हल्ली घरबसल्या छापायचं मशीन कुणीही आणतं.

मालाबद्दल दोन तक्रारी आहेत. लहान मुलांच्या साइझ फार बेताच्या येतात. सहा वर्षांच्या पोराला आठचा घ्या, कापड सुती आहे, पहिल्या धुण्यात आणखी आटतं. आणि माल शुक्रवारी देतो म्हणाले तो सोमवारी मिळाला, कारण निळ्या रंगातले एक्सएल घाऊक विक्रेत्याकडे संपले होते. फोन करून कळवलं होतं हे खरं, पण गणपती तोंडावर आलेले असताना तीन दिवस जिवाला घोर. ऑर्डर किमान तीन आठवडे आधी द्या, साइझचा तक्ता स्वतः करून न्या. कार्डाने पैसे दिले तर वर थोडा आकार लागतो, चेक न्या. दुकानासमोर पार्किंगच्या जेमतेम चार जागा. शेजारच्या टायरवाल्यासमोर लावू नका, तो गाडी उचलायला लावतो. चार तारे. पाचवा शुक्रवारच्या सोमवाराने खाल्ला.