रोजची घरची प्रार्थना: माळ, करुणेची माळ, की रविवारचं शुभवर्तमान?

भाचीच्या लग्नाला तीन वर्षं झाली. नाशिकात पाथर्डी फाट्याला राहते, नवरा अंबडला कंपनीत, दर आठवड्याला त्याची पाळी बदलते, पोरगं दोन वर्षांचं. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, घरात रोजची प्रार्थना सुरू करायचीय. माळ म्हणू, करुणेची माळ म्हणू, की बायबल वाचू? सगळं एकदम नको सांगूस." आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, तिने सगळं एकदम सुरू केलं होतं आणि नाताळ यायच्या आतच बंद पडलं होतं, म्हणून ही सूचना. तिला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहिते. तिच्यासारखी कॅथलिक घरं आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, बरीच आहेत.

आधी घड्याळ बघा. घरातली निदान दोन माणसं रोज कोणत्या वेळी एका खोलीत असतात? ती वेळ वीस मिनिटांची आहे की सातच मिनिटांची? आवडती भक्ती आधी ठरवून वेळ नंतर शोधायला गेलं की एकटी आई माळ म्हणते आणि बाकीचे पायांवर पाय ठेवून जेवणाची वाट बघतात. आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं होतं.

पूर्ण माळ म्हणजे पाच रहस्यं (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, एकेकाला दहा मणी), सुरुवातीच्या तीन धरून त्रेपन्न नमो मारिया, म्हणजे मरियेची छोटी प्रार्थना. घाई न करता अठरा ते वीस मिनिटं. वार ठरलेले: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडली. माळेची मोठी सोय अशी की ती सगळ्यांना येते. सासू-सासरे गावाहून आले तरी लगेच सूर जुळतो, हरेगावला मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला निघालं की गाडीत तीच सुरू होते, आणि दिवे गेले तरी अडत नाही. अडचण लहान मुलांची. तिसऱ्या रहस्यापर्यंत आमची धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली असायची, आणि थोरला मणी मोजत बसायचा, "अजून बावीस राहिले."

करुणेची माळ त्याच मण्यांवर होते, वेगळी माळ घ्यावी लागत नाही. पोलंडच्या संत फॉस्टिनाला १९३५ साली ही प्रार्थना मिळाली; तिला संतपद मिळालं २००० साली. मोठ्या मण्यावर एक प्रार्थना, लहान मण्यांवर एक छोटी ओळ, शेवटी तीनदा 'पवित्र देव'. सात-आठ मिनिटांत संपते. ओळ छोटी असल्यामुळे पाच वर्षांचं मूलही चार दिवसांत पाठ म्हणतं, आणि गाऊन म्हटली तर आणखी लवकर. बरेच जण ती दुपारी तीनलाच म्हणायची असते असं धरून बसतात. तीनची वेळ प्रभूच्या मरणाची म्हणून खास खरी, पण ही माळ कधीही म्हणता येते. तीन वाजता नवरा मशीनवर, मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये. त्या वेळेचा हट्ट धरला तर परत एकट्या बाईचीच भक्ती व्हायची. माझी तक्रार एकच: रहस्यांमध्ये येशूचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं, करुणेच्या माळेत फक्त दुःखसहन येतं. आजारपण, दवाखाना, कुणाचं मरण, अशा दिवसांत हिच्याइतकी जवळची प्रार्थना नाही. पण लहान मुलांच्या घरात वर्षभर एवढीच असू नये असं मला वाटतं.

आता वाचन. रोज वाचायचं म्हणून बसलात तर टिकणं कठीण, त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या चरित्राचा उतारा) वाचा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, जास्त. एवढं कळलं तरी यंदा कोणतं पुस्तक उशाशी ठेवायचं ते ठरतं. वाचायला पाच मिनिटं लागतात, बोलायला किती लागतील ते घरावर.

आमच्याकडे एकदा सप्टेंबरात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आला. सकाळी कामाला लागलेल्यालाही एक दीनार, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच. थोरला भडकला: "हे चुकीचं आहे. दिवसभर राबला त्याला जास्त मिळायला पाहिजे." सासूबाईंनी तरुणपणी दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये रोजाने काम केलंय. गोडी छाटणीचे (फळासाठीच्या छाटणीचे) दिवस होते, त्यामुळे त्यांच्याही डोक्यात बागेतली मजुरीच असणार. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "पाचपर्यंत नाक्यावर कोण उभं राहतं माहितीय का? ज्याला कोणीच नेत नाही तो. म्हातारा, नाहीतर पोर कडेवर असलेली बाई. तिलाही घरी चूल पेटवायचीच असते." पोरगा गप्प. दुसऱ्या दिवशी फादरांचं प्रवचन चांगलं झालं, पण घरी आल्यावर चर्चा आजीच्याच बोलण्याची. माळेतून असं काही निघत नाही; ती वेगळ्या कामाची आहे.

वाचन निवडणार असाल तर घरातलं बायबल उघडून पुस्तकं मोजा. शरणपूरच्या जुन्या प्रोटेस्टंट वस्तीमुळे नाशिकात प्रोटेस्टंट नातेवाईक कुणाचे नाहीत? लग्नात भेट आलेलं बायबल बहुधा त्यांच्या पद्धतीचं, म्हणजे सहासष्ट पुस्तकांचं असतं. कॅथलिक बायबलमध्ये त्र्याहत्तर असतात. तोबित, यहुदीथ, मक्काबीची दोन, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख त्यात नसतील तर मिस्सेतलं पहिलं वाचन अधूनमधून सापडणारच नाही, आणि तुम्ही बिचारे अनुक्रमणिका चाळत बसाल. शुभवर्तमानं मात्र दोन्हींत तीच चार, त्यामुळे शनिवारचं काम अडत नाही. मोठ्यांना वाचायला काही हवं असेल तर 'निरोप्या' मासिक घ्या. जेझुइट फादरांनी १९०३ साली सुरू केलेलं आहे, मराठी आपल्या घरातली आहे. फोनवरची प्रार्थनेची जी ॲप मला आवडली ती इंग्रजीत आहेत. शिवाय प्रार्थनेसाठी फोन हातात घेतला की वरून मेसेज येतोच, मग प्रार्थना तिथेच राहते.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरातली गुरुवारची नोव्हेना (विनवणीची प्रार्थना) या तुलनेत बसवू नये. ती घरची प्रार्थना नाही, ते जाणं आहे: बस, रांग, मेणबत्ती, शेजारच्या हिंदू वहिनी सोबत. महिन्यातून एक गुरुवार जमला तरी पुष्कळ, आणि मुलांना ते दिवसच जास्त आठवतात. पण तिकडे जातो म्हणून घरी काही नाही, हा हिशेब मला पटत नाही.

दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाची देवदूताची प्रार्थना (देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची) दोन मिनिटांची आहे. कधीच काही न केलेल्या घराने तिथूनच सुरुवात करावी.

भाषेचं एक. मुलं इंग्रजी शाळेत 'हेल मेरी' शिकून येतात आणि आजीला मराठीच येते. भांडू नका. पहिला अर्धा मुलांनी इंग्रजीत म्हणायचा, उत्तर मोठ्यांनी मराठीत द्यायचं. ऐकायला पहिले दोन दिवस गंमत वाटते, महिन्याभरात मुलांना मराठीही पाठ होते.

भाचीला मी सांगितलं ते असं: रोज माळेचं एकच रहस्य, दहा नमो मारिया, चार मिनिटं. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री जेवणाआधी, दुसऱ्या पाळीला तो निघायच्या आधी दुपारी, तिसऱ्या पाळीला संध्याकाळी, त्याची झोप झाल्यावर. शनिवारी शुभवर्तमान. करुणेची माळ शुक्रवारी आणि अडचणीच्या दिवशी. पूर्ण माळ मे आणि ऑक्टोबरात, मरियेच्या महिन्यांत, तीही शेजारच्या दोन घरांना बोलावून. चहा ठेवला की लोक येतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि मुलं दहाच्या पुढची, त्यांनी माझं ऐकू नये, सरळ रोज पूर्ण माळ धरावी. त्यांच्याकडे वीस मिनिटं आहेत, फक्त मालिका अर्धा तास पुढे सरकवावी लागेल.

आणि घरात दोन वर्षांचं पोर असेल तर धाग्यात गाठी मारलेली माळ घ्या. आमची तारेची होती, धाकटीने ओढून तोडली. सगळे मणी सापडले, एक सोडून. तो सोफ्याखाली कुठेतरी आहे. मी तार परत जोडून घेतली, पण चौथ्या रहस्याला आता नऊच मणी आहेत, आणि दहावी नमो मारिया सासूबाई अंगठ्यावर मोजतात.